पोराला गोष्टीत घालण्याची योग्य पद्धत

पोराचं कौतुक करायला कोल्हापूरच्या बापाला फार कष्ट पडत नाहीत. पोरगं वर्षाचं झालं की मिरजकर तिकटीला फ्लेक्स लागतो. मधोमध पोरगं, डोळ्यांवर मामाचा गॉगल, शेजारी कम्प्युटरमधून आणलेला वाघ, वर 'भावी' काहीतरी. खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो, त्यात एक काका हमखास मोबाइलवर बोलत असलेला. पोरगं मात्र कॅमेऱ्याकडं बघतच नाही. त्याची नजर फोटोवाल्याच्या हातातल्या खुळखुळ्यावर.

पण फ्लेक्स चार दिवसांत उतरतो आणि पावसाळ्यात म्हशीच्या गोठ्यावर जातो. तुम्ही लेखक असाल, किंवा निदान घरच्यांना तसं सांगून ठेवलं असेल, तर तुमच्याकडं जास्त टिकाऊ इलाज आहे. पोराला पुस्तकात घाला.

हे कसं जमवायचं, त्याचं साद्यंत मार्गदर्शन 'द अनरिटन' नावाच्या इंग्रजी कॉमिक मालिकेत आहे. माइक केरी आणि पीटर ग्रॉस या जोडीची ही मालिका व्हर्टिगो या अमेरिकन प्रकाशनानं २००९ ते २०१५ या काळात काढली. जाणकार मंडळी तिला कल्पित आणि वास्तव यांच्या सीमारेषेवरचं वगैरे म्हणतात. तुम्ही तिकडं लक्ष देऊ नका. शिलाई मशिनबरोबर येणारं माहितीपुस्तक वाचतो, तसं वाचा.

त्यातला विल्सन टेलर हा आदर्श बाप. त्यानं टॉमी टेलर नावाच्या पोरसवदा जादूगाराच्या तेरा कादंबऱ्या लिहिल्या. जादू आहे, पंख असलेलं मांजर आहे, काउंट अँब्रोसियो नावाचा रक्तपिपासू खलनायक आहे. नायकाचं नाव मात्र शोधत बसला नाही. घरात टॉम होताच. पुस्तकं जगभर खपली आणि बाप एक दिवस गायब झाला. मागं उरला मोठा झालेला टॉम. बापाचा पैसा कायद्याच्या कचाट्यात, म्हणून हा चाहत्यांच्या मेळाव्यांत जाऊन सह्या करतो आणि त्यावर पोट भरतो. काहीही न करता मिळालेली प्रसिद्धी म्हणतात ती हीच. आपल्याकडं त्यासाठी नगरसेवकाच्या घरात जन्म घ्यावा लागतो.

पोराला आधी विचारावं का, अशी शंका काही हळव्या मंडळींना येईल. अजिबात नको. खांडेकरांनी याच गावात राहून 'ययाती' लिहिली. १९५९ मध्ये कादंबरी आली, पुढं १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, आपण सत्कार केले, विद्यापीठात संग्रहालय उभारलं. पण त्या ययातीची मूळ चूक कुणी दाखवून दिली नाही. त्यानं पुरूकडं तारुण्य मागितलं. मागितलं की प्रश्न आला, नकार आला, बाकीच्या पोरांची तोंडं वाकडी झाली. विल्सन टेलरनं मागितलंच नाही. पोरगं पाळण्यात असतानाच काम उरकलं की नंतर फक्त प्रस्तावना लिहायची राहते.

नावाची एवढी काय काळजी करायची, असं बायकोला समजवा. दाखले गावातच आहेत. बाबूराव मेस्त्रींना आज मेस्त्री म्हणून कोण ओळखतं? महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणारे बाबूराव पेंटर म्हटल्यावर चटकन कळतं. खांडेकर तर जन्मानं गणेश आत्माराम. दत्तक गेले आणि विष्णू सखाराम झाले. बाबूरावांनी ते नाव स्वतःच्या कुंचल्यावर कमावलं, असा फाटा बायकोनं फोडलाच तर चहा मागवा आणि विषय बदला.

कागदपत्रांत मात्र हयगय नको. विल्सनसारखा विल्सन, पण तिथं फसला. भर मेळाव्यात लिझी हेक्सम नावाच्या मुलीनं उभं राहून टॉमला विचारलं की तू नक्की कोण? मग त्याचे कागद खोटे असल्याचं, तो त्या बापाचा मुलगाच नसल्याचं बोललं जाऊ लागलं. काल सही मागणारे आज लबाड म्हणून अंगावर धावले. आणि टॉम एका जीवघेण्या प्रसंगातून वाचला, तेव्हा तेच लोक म्हणाले, हा तर साक्षात टॉमी! पुस्तकातून उतरलेला अवतार! या सगळ्यात टॉमचं मत कुणीही विचारलं नाही, आणि गर्दीचं काही अडलंही नाही. पुढं खुनाचा आळ आला, तुरुंग झाला, ते किरकोळ. तुम्ही जन्मदाखला महानगरपालिकेतून काढून लॅमिनेट करून ठेवा, म्हणजे झालं.

अधूनमधून पोराला गोष्टीतून बाहेर यावंसं वाटेल. तेव्हा पॉली ब्रुकनरचं प्रकरण त्याच्यापासून लपवा. हा चांगला धडधाकट माणूस, एका गोंडस बालकथेत सशाच्या रूपात अडकवलेला. आजूबाजूला अंगरखे घातलेले मऊ मऊ प्राणी, चहापाणी, फुलं, आणि मध्ये हा ससा तोंडाला येईल त्या शिव्या हासडतोय. कोल्हापूरच्या माणसाला ते अंक वाचताना एकदम घरच्यासारखं वाटतं. आख्ख्या मालिकेत खरं बोलणारा एवढाच, असं माझं मत. पण तुमच्या कामाचं नाही.

पोरानं पुढं कोण व्हावं, हे वाचकांवर सोपवलं तरी चालेल. सतराव्या अंकात लिझीचं पूर्वायुष्य काय असावं, ते वाचकानंच पानं निवडत ठरवायचं आहे. आपल्याकडं ही सोय आत्या, मावश्या आणि शेजारचे निवृत्त गुरुजी अंक न काढताही पुरवतात.

आता उतारवयाची तरतूद. या धंद्यात वास्तवातलंही एक उदाहरण आहे. 'विनी द पू' या अस्वलाच्या गोष्टींतल्या क्रिस्टोफर रॉबिन नावाच्या पोराच्या मागं लेखक ए. ए. मिल्नचा खराखुरा मुलगा क्रिस्टोफर रॉबिन मिल्न होता. शाळेत पोरांनी त्याला त्यावरून पिडलं. मोठेपणी, १९५१ मध्ये, त्यानं इंग्लंडमधल्या डार्टमथला पुस्तकांचं दुकान काढलं. आता ज्या माणसाला पुस्तकानं पछाडलंय, त्यानं पुस्तकांचंच दुकान काढावं? गिऱ्हाईक पुस्तक बघणार की ह्याला?

तुम्ही पोराला पापाची तिकटीला चपलांचं दुकान काढून द्या. करकरणारी कापशी चप्पल घ्यायला आलेला माणूस मालकाचं बालपण विचारत नाही. किंमत ऐकतो, निम्मी सांगतो, उठून जातो, परत येतो. तरीही एखादा चाहता पुण्याहून वास काढत येईलच. पुस्तक घरी विसरलो म्हणेल आणि चपलेचाच तळवा पुढं करेल सहीसाठी. त्यावर दाखल्यातलं नाव घालायचं की गोष्टीतलं, ते पोराचं पोरानं बघावं. सगळंच काय बापानं शिकवायचं?