ड्रम न उघडता माल पास? एका वाचकाच्या हरकतीला उत्तर

नमस्कार सर,

रामन गनवरच्या, म्हणजे पिशवीबाहेरून लेझर टाकून आतलं रसायन ओळखणाऱ्या हातातल्या यंत्रावरच्या, माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया शांतपणे वाचली. तुमचं म्हणणं असं, की पिशवी न उघडता औषधाचा कच्चा माल पास करणं म्हणजे डोळे मिटून सही ठोकणं. तुम्ही मिरज एमआयडीसीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीत) होतात तेव्हा ड्रम उघडल्याशिवाय सॅम्पलिंग होत नसे, आता कंपन्यांना केमिस्ट कमी करायचे आहेत म्हणून हे खूळ आलंय. कफ सिरपने लेकरं दगावत असताना मशिनचे गोडवे गाववतात कसे, हा तुमचा खरा राग. शिवाय पावसाळ्यात ओल्या लायनरवर (ड्रमच्या आतल्या प्लास्टिकच्या पिशवीवर) रीडिंग काय कप्पाळ येणार, असंही विचारलंत.

सगळ्यात जड मुद्दा आधी घेते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण गेले ते ग्लिसरीनमधल्या डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनामुळे. लेंटिन आयोग त्यासाठीच नेमला गेला. २०२५ मध्ये छिंदवाड्यातल्या मुलांना दिलेल्या सिरपमध्ये तमिळनाडू सरकारच्या तपासणीत तेच रसायन ४८.६ टक्के निघालं. मधे जवळजवळ चाळीस वर्षं गेली आणि विष तेच राहिलं. याची चीड तुमच्याइतकीच मलाही आहे.

आता गन इथे काय करू शकते? ड्रमवर प्रॉपिलीन ग्लायकॉल (सिरपमध्ये वापरतात ते द्रावक) लिहिलंय आणि आत निम्मं डायइथिलीन ग्लायकॉल आहे, असं असेल तर स्पेक्ट्रम (परत येणाऱ्या प्रकाशाचा आलेख) जुळणार नाही, ड्रम तिथेच अडकेल. पण डायइथिलीन ग्लायकॉलची मर्यादा ०.१ टक्के आहे, आणि एवढं थोडं प्रमाण पकडणं गनच्या आवाक्याबाहेर आहे. तिथे जीसीच (गॅस क्रोमॅटोग्राफी, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी) लागते. जागतिक आरोग्य संघटनेने तोंडी घ्यायच्या द्रव औषधांसाठी दिलेल्या पद्धतीतही आधी टीएलसी या सोप्या, स्वस्त चाचणीची चाळणी आणि मग जीसी, असा क्रम आहे. ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल सोल्युशन यांच्या बाबतीत ‘गनवर पास झालं’ म्हणून जीसी टाळणारा माणूस माझ्या लेखी गुन्हेगार आहे. इतकं स्पष्ट लिहिते, म्हणजे माझी बाजू कुठली याबद्दल शंका राहायला नको.

पण सर, शुद्धता हा एक प्रश्न आहे आणि ओळख हा दुसरा. लेबलवर जे नाव आहे तेच या ड्रममध्ये आहे का, आणि शेजारच्या ड्रममध्येही आहे का? तुमच्या काळात ड्रम उघडत होते, खरंय. किती उघडत होते? वर्गमूळ अधिक एकचा नियम लावला तर ३६ ड्रमच्या लॉटमधून सात. उरलेल्या २९ ड्रमचं झाकणही कुणी हलवत नसे, आणि ‘तपासणी बाकी’चं पिवळं लेबल जाऊन ‘पास’चं हिरवं मात्र छत्तीसच्या छत्तीस ड्रमवर लागे. त्या सात ड्रममधला माल एकत्र करून एकच सॅम्पल केलं, तर सातातला एक चुकीचा ड्रमही बाकी सहांच्या आड लपू शकतो. डोळे मिटून सही म्हणायचं तर मला ती इथे दिसते. शेड्यूल एम (औषधनिर्मितीचे सरकारी नियम) प्रत्येक डब्यातल्या मालाची ओळख खात्रीशीर हवी म्हणतं. छत्तीस ड्रम बूथमध्ये (सॅम्पल काढायच्या बंदिस्त जागेत) नेऊन, एकेक लायनर उघडून, प्रत्येकाचा आयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने ओळख पटवणारी चाचणी) काढायचा तर पूर्ण दिवस जातो. मग कागदावर छत्तीस आणि प्रत्यक्षात सात, हा मोह कुठे आणि कसा होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

गनने हा दिवस तासाभरावर येतो. फायबर ड्रमचं झाकण काढायचं, लायनर बांधलेलाच ठेवायचा, नळीचं टोक पिशवीला टेकवायचं. बहुतेक गनमध्ये ७८५ नॅनोमीटरचा लेझर असतो. त्याचा प्रकाश पावडरवर आदळून परत येतो तेव्हा एक कोटीतला जेमतेम एखादा प्रकाशकण रंग बदलून येतो, आणि तो बदल रेणूच्या कंपनांवर ठरतो. १९२८ साली कोलकात्यात सर सी. व्ही. रामन आणि कृष्णन यांनी पाहिलं ते हेच. आलेखात पॅरासिटामॉलचे पट्टे ८५८, १२३७, १३२४, १६४८ (प्रति सेंटिमीटर) अशा ठरलेल्या जागी येतात. पिशवीच्या पॉलिइथिलीनचे पट्टे १०६२, ११२८, १२९५, १४४० च्या आसपास. म्हणजे पिशवी आपली हजेरी लावते, पण मालाचं तोंड झाकत नाही. मॅनिटॉल आणि सॉर्बिटॉल यांचं रेणुसूत्र एकच, दोन्ही पांढऱ्या पावडरी, दोन्ही गोड. डोळ्याला आणि जिभेला फसवणारी ही जोडी गन वेगळी ओळखते.

अर्थात पद्धत नीट बसवलेली असेल तरच. जे जुळायला हवं ते जुळलं, एवढं दाखवून भागत नाही. दिसायला-वागायला जवळचे जेवढे पदार्थ आहेत ते मुद्दाम समोर धरून सगळे नापास होतात का, ते पाहावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि बरेच जण इथेच घाई करतात. तुमचा संशय इथे रोखला असतात तर मी मुकाट ऐकून घेतलं असतं.

गन कुठे हात टेकते, तेही सांगते. सोडियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड: ओळखावं असा पट्टाच मिळत नाही. गोळ्यांत भर म्हणून घालतात त्या मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोजचे १०१ आणि १०२ हे ग्रेड: रसायन एकच, फरक कणांच्या आकाराचा, त्यामुळे गनला दोन्ही सारखेच. अ‍ॅल्युमिनियमच्या लॅमिनेटेड पिशवीतून लेझर आत जातच नाही. कागदाच्या अनेक पदरी गोण्यांवर साधी गन अडते. तिथे लेझर एका जागी सोडून काही मिलिमीटर बाजूचा प्रकाश गोळा करणारी पद्धत लागते. ती ब्रिटनच्या रदरफर्ड अ‍ॅपलटन लॅबोरेटरीत विकसित झाली, २००५ च्या सुमारास. आणि आपल्या सांगलीच्या हळदीचा अर्क समोर धरलात तर ७८५ वर बऱ्याचदा फ्लुरोसन्स (पदार्थाची स्वतःची चमक) एवढा चढतो की पट्टे त्यात बुडतात. १०६४ चा लेझर वापरला तर नीट वर येतात. शिवाय गन पिशवीला टेकलेला माल वाचते. ड्रमच्या तळाशी काय आहे हे बघायचं तर सॅम्पलिंग रॉडच खाली घालावा लागतो.

म्हणून सॅम्पलिंग बंद करा असं मी कुठेच लिहिलेलं नाही. एचपीएलसी (औषधाचं प्रमाण मोजणारी चाचणी), अशुद्धी, मायक्रो (जंतूंची तपासणी), कणांचा आकार यांसाठी ठरलेले ड्रम बूथमध्ये उघडायचेच. बाकीचे निव्वळ ओळखीसाठी उघडणं मात्र थांबावं. लायनर उघडला की बाहेरचं काहीतरी आत जाणार, आतली पावडर हेल्परच्या नाकात जाणार. स्टिरॉइड किंवा हार्मोनच्या ड्रमशी वाकून उभ्या राहणाऱ्या त्या पोराचा विचार आपण फार कमी करतो.

केमिस्ट कमी करण्याबद्दल: असं कुठे होत असेल तर ते चूकच. वाचलेला वेळ जीसीवर, व्हेंडर ऑडिटवर (माल पुरवणाऱ्यांच्या तपासणीवर) लागला पाहिजे. कुपवाडमधल्या छोट्या युनिटला लाखांची गन परवडत नाही हेही मान्य. त्यांनी आयआर आणि मोनोग्राफमधल्या (त्या पदार्थाच्या अधिकृत मानकातल्या) साध्या ओळख-चाचण्या प्रत्येक ड्रमवर कराव्यात आणि जीसी मान्यताप्राप्त लॅबकडून करून घ्यावी. गन नाही ही सबब होऊ शकत नाही.

राहिला ओला लायनर. पाण्याचा रामन सिग्नल फार क्षीण असतो, त्यामुळे पिशवीवर दव असलं तरी ओळखीत सहसा गोंधळ होत नाही. पुसून घ्यावं एवढंच. पण माल आतून किती ओल धरून बसलाय ते गन सांगणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आलेल्या लॉटचं लॉस ऑन ड्राइंग किंवा कार्ल फिशर, म्हणजे ओल मोजायच्या चाचण्या, तुमच्या काळी होत होतं तसंच आजही करावं लागतं.