नुकत्याच जेवलेल्या सापाला गळ्यात घालणाऱ्या हिरोंनो

आज सकाळी गावच्या ग्रुपवर एक रील आली. आपल्याच भागातलं पोट्टं, सोयाबीनच्या वावरात उभं, गळ्यात धामण, मागे गाणं. इथवर मी काही बोलले नसते, काढणी आली की असे हिरो निघतातच. पण त्या धामणीच्या पोटात मधोमध गोळा दिसतोय. नुकताच उंदीर गिळलाय तिनं. आणि हा गडी अंगठ्यानं तो गोळा दाबून दाखवतो, "पाहा, काय खाल्लं इनं!" वरून शेवटी वाटीभर दूध तिच्या तोंडाला लावतो.

दूध! काऊन रे बाप्पा? सापाला दूध पचत नाही. गारुड्याचा नाग पंचमीला दूध प्यायचा, कारण त्याला आधी पाण्यावाचून ठेवलेलं असायचं. हे आता अंगणवाडीतलं लेकरूही सांगेल, मी त्यावर वेळ घालवत नाही.

माझं डोकं फिरलं ते गोळा दाबण्यावरून. कारण तो गोळा बाहेर कसा येतो, ते माझ्या ओट्यावर झालंय.

माझ्या नणंदेचा मुलगा पुण्याला असतो. त्याच्याकडे बॉल पायथन आहे. आफ्रिकेतला अजगर, बिनविषारी, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केलेला. (आपली धामण, नाग, अजगर घरी पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, त्यात "मी सर्पमित्र आहे" चालत नाही.) गेल्या दिवाळीत तो त्या सापाला डब्यात घालून घेऊन आला. बर्फातले उंदीर थर्मासमध्ये. ते गरम पाण्यात कोमट करायला मला गंज मागत होता. मी अंगणातला जुना, पोचा पडलेला गंज दिला आणि सांगितलं, हा परत घरात आणायचा नाही.

पण खाऊ घालायची त्याची पद्धत मी बघत बसले. उंदीर सापाच्या अंगाएवढाच जाड, त्याहून मोठा नाही. लांब चिमट्यानं धरायचा, कारण हाताला उंदराचा वास लागला की साप हातच धरतो. जिवंत उंदीर द्यायचा नाही, तो उलटा सापालाच चावतो. सापानं जीभ लपलप केली, झडप घातली, वेटोळं आवळलं, मग डोक्याकडून गिळायला लागला. जबडा असा सरकत होता, एकदा डावी बाजू पुढे, एकदा उजवी. सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अवं, याले चावता येत नाई का?"

नंतर भाच्यानं बजावलं, मामी, आता दोन दिवस कोणी हात लावायचा नाही. कोण ऐकतंय? संध्याकाळी आळी गोळा झाली. चुलतसासरे म्हणाले, आण रे इकडं. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं! याच्या हातातून त्याच्या हातात, फोटो, पोरींच्या किंकाळ्या. त्यात रात्री लाईट गेली आणि डब्याखालची गरम मॅट थंड. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते हो. बाहेरून ऊब मिळाली नाही तर पोटातलं पचत नाही, सडतं.

सकाळी डबा ओट्यावर आणून उघडला. अर्धा विरघळलेला, केस गळालेला उंदीर बाहेर, आणि साप कोपऱ्यात. फिनाइलनं ओटा धुतला तरी वास जाईना. भाचा काही बोलला नाही. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून डब्याच्या अंगाला लावत बसला, दिवसभर. मला त्या पोराची दया आली, आणि माझ्या सासरच्या मंडळींचा असा राग आला की विचारू नका.

हा पाळलेला, माणसाच्या हाताची सवय झालेला साप होता, तरी ही गत. वावरातल्या धामणीचं काय होत असेल? घाबरली की खाल्लेलं ओकून पळायला बघते. तिची शिकार गेली, ताकद गेली. तुमच्या वावरातले उंदीर कोण खाणार मग?

हो, हे पोट्टे साप मारू देत नाहीत, हे मान्य. पूर्वी दिसला की काठीच होती. पण मारत नाही म्हणून मिरवायचा परवाना मिळाला का? आणि एखाद्या दिवशी अजगराचं पिल्लू म्हणून घोणस उचलाल, तेव्हा रील कोण काढेल? साप घरात निघाला तर लांब उभं राहून वनविभागाला 1926 वर फोन लावा. वावरात निघाला तर जाऊ द्या त्याला, तो कामावर आहे.

कमेंटमध्ये श्रद्धेवरून भांडायला येऊ नका. आमच्याकडचेही दरवर्षी पचमढीला नागद्वारच्या यात्रेला जातात, मीच शिदोरी बांधून देते.

भाचा यंदाही येतोय. मी फोनवरच सांगितलं, तू ये, डबा तिकडंच ठेव. तर म्हणतो, "मामी, थंडी लागली की तो महिनोन्महिने काही खातच नाही, नुसता पडून असतो." स्पीकर चालू होता. सासूबाई आतून ओरडल्या, "मंग आन ना त्याले, खर्च तरी कायचा हाय!"