अल्बिनेनचे ‘५० लाख’: फॉरवर्डमधून गळलेल्या अटी

“स्वित्झर्लंडमधलं अल्बिनेन गाव ओस पडलंय. तिथे राहायला जाणाऱ्या चौकोनी कुटुंबाला गाव ५० लाख रुपये देतं. वय ४५च्या आत हवं आणि दहा वर्षं राहायची तयारी हवी, बस्स!” २०१७च्या अखेरीपासून हा मजकूर थोड्याफार फरकाने फिरतो आहे आणि दर काही महिन्यांनी नव्याने वर येतो. लोक त्यावर विश्वास ठेवून चौकशा करतात, काही जण पैसेही भरायला निघतात. म्हणून त्यातला एकेक दावा तपासू.

आधी खरं काय ते. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी अल्बिनेनच्या ग्रामसभेत ठराव मतदानाला आला. ७१ जण बाजूने, २९ विरोधात. प्रत्येक प्रौढाला २५,००० स्विस फ्रँक आणि प्रत्येक मुलामागे १०,००० फ्रँक असं अनुदान ठरलं. आईवडील आणि दोन मुलं मिळून ७०,००० फ्रँक. तेव्हाच्या साधारण ६५ रुपये दराने ते ४५-४६ लाख होतात, त्याचे कुणीतरी ५० केले. वयाची आणि दहा वर्षांची अटही खरी. इथून पुढे मात्र फॉरवर्ड भरकटतो.

“कोणालाही मिळतात.” नाही. अर्जदार स्विस नागरिक तरी हवा, नाहीतर त्याच्याकडे ‘सी’ परवाना, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना हवा. सगळा दावा या एका अटीवर कोसळतो, आणि नेमकी तीच गाळून मजकूर पुढे जातो. भारतीय नागरिकाला ‘सी’ परवाना सर्वसाधारणपणे स्वित्झर्लंडमध्ये सलग दहा वर्षं राहिल्यावर मिळतो. भाषा चांगली येत असेल आणि बाकी सगळं नीट असेल तर पाच वर्षांनी अर्ज करता येतो, पण तो अपवाद. आणि ही पाच-दहा वर्षं सुरू व्हायची तर आधी तिथे नोकरी लागायला हवी. युरोपीय संघ आणि त्याच्याशी जोडलेल्या देशांबाहेरून येणाऱ्यांसाठी स्वित्झर्लंड दरवर्षी परवान्यांचा कोटा ठरवतं. अलीकडच्या वर्षांत तो ८,५०० आहे: ४,५०० जास्त मुदतीचे ‘बी’ आणि ४,००० अल्पमुदतीचे ‘एल’. कंपनीला दाखवावं लागतं की या कामासाठी स्वित्झर्लंडमध्ये किंवा युरोपीय संघात योग्य माणूस मिळाला नाही. थोडक्यात, नाशिकहून किंवा नागपूरहून थेट या योजनेत शिरायला वाट नाही. झुरिक, बाझेलमध्ये वर्षानुवर्षं राहून ‘सी’ परवाना मिळवलेलं मराठी कुटुंब मात्र अर्ज करू शकेल.

“घर घेतलं की व्हिसा आपोआप.” हे तर उलटंच आहे. परदेशात राहणाऱ्या परकीयांच्या घरखरेदीवर स्वित्झर्लंडमध्ये १९८३च्या कायद्याने निर्बंध आहेत. वालिससारख्या (अल्बिनेन याच राज्यात येतं) पर्यटनाच्या राज्यांत मर्यादित संख्येने सुट्टीचं घर घ्यायची परवानगी मिळते, पण त्या घरामुळे राहण्याचा हक्क मिळत नाही. आणि सुट्टीचं घर अल्बिनेनच्या योजनेत बसतच नाही. तिथे घर हे कुटुंबाचं मुख्य आणि कायमचं राहतं घर असलं पाहिजे.

“पैसे हातात मिळतात.” अनुदान घरासाठी आहे आणि त्याआधी तुमची स्वतःची गुंतवणूक हवी: किमान २,००,००० फ्रँक. नवं घर बांधा, विकत घ्या किंवा जुनं दुरुस्त करा. २०१७च्या दराने हे सुमारे १ कोटी ३० लाख रुपये झाले. दहा वर्षांच्या आत गाव सोडलं तर अनुदान परत करायचं. स्विस बँक गृहकर्ज देताना निदान २० टक्के रक्कम स्वतःची मागते, म्हणजे २ लाखांच्या घराला ४०,००० फ्रँक. शिवाय डोंगरातल्या घराचं बँकेने केलेलं मूल्यांकन विक्रीच्या किमतीपेक्षा कमी आलं, तर कर्ज कमी आकड्यावर मिळतं आणि मधली फट स्वतःच्या खिशातून भरावी लागते. उत्पन्नाचा हिशेबही बँक चालू व्याजदरावर करत नाही. साधारण ५ टक्के व्याज धरून, घराचा सगळा खर्च उत्पन्नाच्या एक तृतीयांशात बसतो का, हे पाहते. अनुदान मंजूर होऊनही व्यवहार अडतो तो इथे.

“रिकामी घरं पडून आहेत, कुणीही उचलावीत.” हा दावा सगळ्यांत पटण्यासारखा वाटतो, म्हणून यावर थोडं थांबू. वालिसमध्ये जमीन आणि घर सगळ्या वारसांत वाटायची जुनी रीत आहे. शेताचे तुकडे झाले तसे घराचेही झाले: खालचा मजला एका शाखेकडे, वरचा दुसरीकडे, तळघर तिसऱ्याच्या नावावर, धान्याच्या कोठाराचा चौथा हिस्सा आणखी कुणाचा. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर पंधरा नावं असतात, तसंच. घर बंद दिसतं ते बेवारस म्हणून नव्हे. सगळे हिस्सेदार सही करत नाहीत तोवर ते विकता येत नाही, आणि त्यांतले काही दुसऱ्या खंडात असतात. त्यातून वाचलेल्या घरांवर सुट्टीचं घर शोधणाऱ्यांचा डोळा असतो. ११ मार्च २०१२च्या सार्वमतानंतर, जिथे अशी दुय्यम घरं २० टक्क्यांहून जास्त आहेत तिथे नवी बांधायला बंदी आली, पण त्या तारखेआधीची घरं सहसा सुट्टीचं घर म्हणूनही वापरता येतात. त्यामुळे जुन्या लाकडी घराला मागणी आहेच. दुरुस्तीला काढलं की छत बुटकं, भिंती पातळ, उष्णतारोधन शून्य. किमान गुंतवणुकीचा २ लाख फ्रँकचा आकडा अशा कामात पटकन ओलांडली जाते.

“जगापासून तुटलेलं, ओसाड गाव.” अल्बिनेन ओसाड नाही. ठरावाच्या वेळी तिथे सुमारे २४० माणसं राहत होती. काही कुटुंबं गेली, शाळा बंद झाली, मुलं बसने खाली शाळेत जाऊ लागली. गावाची काळजी ही होती. ऱ्होन खोऱ्याच्या उत्तरेला, डाला नदीच्या घळीवर, साधारण १,३०० मीटर उंचीवर उन्हाच्या बाजूचा एक पट्टा आहे. गाव तिथे वसलंय. खाली लॉइकचं स्टेशन सुमारे ६२० मीटरवर, तिथून रस्ता वर येतो. वरच्या अंगाला लॉइकरबाडची गरम पाण्याची कुंडं. दोन्ही गावांमध्ये कडा आहे, आणि त्या कड्यावर लोकांनी लाकडी शिड्या लावल्या: आठ शिड्या, एकीच्या टोकाला दगडातली जेमतेम पाऊल ठेवण्याएवढी जागा, मग पुढची. पाठीवर ओझं घेऊन माणसं यांवरून लॉइकरबाडला जात. १९व्या शतकातल्या प्रवाशांनी त्यांचं वर्णन केलंय. म्हणजे वाट अवघड होती, पण चालती होती. पुढे १९०८मध्ये खोऱ्यात शिप्पिसला ॲल्युमिनियमचा कारखाना सुरू झाला आणि आसपासच्या डोंगरगावांतले शेतकरी पाळीवर जाऊ लागले, घरी येऊन गाईही सांभाळू लागले. आजही जवळ फिस्पला मोठे रासायनिक कारखाने आहेत. २००७मध्ये डोंगराच्या पायथ्यातून जाणारा ३४.६ किलोमीटरचा ल्योचबर्ग बोगदा सुरू झाल्यापासून बर्न ते फिस्प रेल्वेने तासाभराच्या आत होतं. गावाचा हिशेब यावरच होता: खोऱ्यात काम करणाऱ्या तरुण कुटुंबाने खाली भाड्याच्या फ्लॅटऐवजी वर घर करावं.

फोटोचंही सांगायला हवं. ज्यात गावाला लागून मोठं तळं दिसतं, तो फोटो अल्बिनेनचा नाही. अल्बिनेनला तळं नाही. काळपट पडलेल्या लाकडाची, उतारावर एकमेकांना खेटून उभी घरं दिसली तर फोटो खरा असण्याची शक्यता.

रकमेचा ताळाही करून पाहावा. चौघांची दहा कुटुंबं आली तर ७ लाख फ्रँक, तेही २४० माणसांच्या गावाच्या तिजोरीतून. एवढ्या लहान गावाने जगभरातून येईल त्याला पैसे वाटणं शक्य नाही, हे आकडेच सांगतात.

‘सी’ परवाना हातात असलेल्यांनी पुढचा क्रम धरावा. सध्या लागू असलेले नियम थेट ग्रामपंचायतीकडून लेखी घ्यावेत. घर पसंत पडलं की जमीन-नोंदणी कार्यालयातून उतारा काढून किती हिस्सेदार आहेत, वाटेचा आणि पाण्याचा हक्क कुणाचा, हे पाहावं. मग बँकेचं मूल्यांकन, आणि अनुदानाचा लेखी होकार आल्यावरच खरेदीखत. यातल्या कोणत्याही टप्प्याला भारतातला एजंट लागत नाही. ‘अल्बिनेन पॅकेज’साठी नोंदणी फी मागणाऱ्याला, तुमच्या अर्जदारांचा ‘सी’ परवाना कुठून येतो, एवढाच प्रश्न विचारावा.