"तिथे काहीच नाहीये" म्हणे

आज डोकं फिरलंय, लिहून टाकते, नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

दिवाळीआधी एकदा भेटू म्हणून आम्ही ॲमस्टेलवेनची (नेदरलँड्समधलं ॲमस्टरडॅमशेजारचं गाव) सात-आठ मराठी घरं आज ड्यूनमध्ये, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये, गेलो होतो. ॲमस्टरडॅमसे वॉटरलायडिंगडाउनेन. नाव संपेपर्यंत डब्यातला उपमा गार होतो, म्हणून आमच्या घरात नुसतं 'पाण्याचं ड्यून'. फोगेलेनझांग गावाकडच्या ओआसे गेटमधून आत गेलो. ऑक्टोबर, म्हणजे हरणांचे नर माजावर, झाडीतून कोणीतरी जेवून ढेकरा देतंय असा आवाज दिवसभर, पोरं हसून लोळत होती. केशरी बोरांनी झुडपं लगडलेली. आणि आमच्यातले एक गृहस्थ (नाव घेत नाही, वाचतीलच) काय म्हणाले? "ह्याचं तिकीट घेतात? वाळू आणि झुडपं. काहीच नाहीये इथे." एवढं बोलून समोर आलेल्या कोल्ह्याला बाकरवडी टाकली. बाकरवडी! कोल्ह्याला!

मी तिथे गप्प बसले, सण तोंडावर आहे. आता नाही बसत.

दोन वर्षांपूर्वी बाबा इथे आले होते. आमचं गाव वेंगुर्ल्याच्या बाजूचं, घर आणि समुद्र यांच्यामध्ये पुळण, पुळणीवर वाळूचे उंचवटे, मर्यादवेल, केवडा, मागे सुरू. शिफोल विमानतळावरून घरी आल्यावर मी त्यांना नळाचं पाणी दिलं. बिसलेरी नाही का, असं विचारतील वाटलं. ते एक घोट प्यायले, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "अगो चेडवा, ह्यां तर आमच्या बावीचां पाणी." बाव म्हणजे विहीर.

मला तेव्हा वाटलं, म्हातारा हळवा झालाय. पण दुसऱ्या दिवशी त्यांना ड्यूनमध्ये घेऊन गेले, तिथला बोर्ड वाचून दाखवला आणि माझीच बोलती बंद. आमच्या नळाला येणारं पाणी खरंच ह्याच वाळूतून येतं! 1853 साली ॲमस्टरडॅममध्ये, जिथले कालवे म्हणजे गटार होतं, हार्लेमरपोर्ट ह्या वेशीपाशी ह्या ड्यूनचं पाणी आलं, एक सेंटला एक बादली. आज तर नदीचं पाणी आधी थोडं साफ करून पाइपने लांबून इथे आणतात, चरांमध्ये सोडतात, ते वाळूतून मुरत मुरत गाळलं जातं आणि पुन्हा गोळा करून शहराला जातं. क्लोरीनचा वास नाही की काही नाही. बाबांना हे सगळं सांगायची गरजच नव्हती. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, हे त्यांना त्यांच्या आजीने सांगितलेलं. म्हणून तर समुद्रापासून शंभर पावलांवरची विहीर गोड असते.

असते म्हणजे, होती. आमच्या घरासमोरचे उंचवटे एकाने सपाट केले. सी व्ह्यू पाहिजे म्हणून. दोन दिवस जेसीबी फिरला, केवडा उपटला, वाळू कुठे गेली कोणालाच माहीत नाही, आणि गावातल्या लोकांचं म्हणणं काय, तर "तिथे होतंच काय? रिकामी जागा." कळलं आता मला आज का लागलं? तेच वाक्य! साडेतीन हजार हेक्टरच्या आसपास जपलेल्या वाळूत उभं राहून तेच वाक्य!

त्यानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या उन्हाळ्यात विहीर मचूळ झाली. त्यात शेजारच्या बोअरच्या पंपांचाही हात असणार, मान्य. पण पंप लावणारे आणि उंचवटा कापणारे वेगळे होते का?

आणि हो, डच लोक काही साधुसंत नाहीत. ह्यांनीही आधी एवढं पाणी उपसलं की खालून खारं वर यायला लागलं, म्हणून तर 1957 पासून नदीचं पाणी आणावं लागलं. शेजारच्या झांडवोर्ट गावात ड्यूनमध्येच रेसट्रॅक बांधलाय. आणि ती हरणं, ज्यांचे फोटो आज ग्रुपवर पडले, इतकी वाढली की फुलंझाडं खाऊन फस्त, 2016 पासून दरवर्षी काही मारतात. मला ते आवडत नाही, पण दुसरं काय करायचं तेही मला सुचत नाही.

पण निदान कुत्रा न्यायचा नाही, सायकल न्यायची नाही, बाकी वाट सोडून कुठेही भटका, हे लोक पाळतात हो. बाबा त्या दिवशी चपला काढून वाळूत चालले. म्हटलं बाबा थंडी आहे, तर नाही म्हणे. एका उंचवट्यावर बसले, तिथल्या गवताची मुळं हाताने चाचपून बघितली, कशी खोल गेलीत आणि वाळू धरून बसलीत ते. मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. परत निघताना एवढंच विचारलं, "हेंनी कोणाक इचारून ठेवल्यानी?" मला उत्तर देता आलं नाही. कोणाला विचारून ठेवलं म्हणजे काय, आपण तर कोणाला विचारून मोडलंही नाही.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. त्या गृहस्थांचंही काय चुकलं, नागपुरात वाढलेला माणूस, त्याला कोण सांगणार वाळूत पाणी असतं ते. बाकरवडीचं मात्र माफ नाही. दिसलेला कोल्हा माणसाला सरावला की त्याचं वाटोळं होतं, तिथे पाटी आहे, चित्रासकट.

पुढच्या रविवारी मी परत जातेय, सकाळी दहाला, ओआसे गेट. बाकरवडीवाले दादा, तुम्ही पण या. ओरानयेकोमपर्यंत चालत जाऊ, सगळं मुरलेलं पाणी जिथे येऊन साठतं तो तलाव दाखवते. बाटली रिकामी आणू नका, घरच्या नळाची भरून आणा. आणि डबा झाकण लावून.