लोम्बोकमधे चार आर जमीन घेऊ का?

गेल्या महिन्याभरात तिघांनी मला हा एकच प्रश्न विचारलाय. इंडोनेशियातलं बाली महाग झालं, शेजारच्या लोम्बोक बेटावर स्वस्तात मिळतेय, समुद्राला लागून, चार आर, एजंट म्हणतो पेपर सगळे क्लिअर, घेऊ का, सेफ आहे का रे तिकडे? तिघांना वेगवेगळं टाईप करायचा कंटाळा आला म्हणून इथे एकदाच लिहितो. लांब होणारे, चहा घेऊन बसा.

मी तिकडे 11 महिने काढलेत, रिसॉर्टमधे नाही हां, उत्तर लोम्बोकच्या एका वाडीत, वाडीला ते दुसुन म्हणतात. 2018 च्या भूकंपानंतर घरं परत बांधायची कामं निघाली होती त्यातल्या एका साईटवर 2019 मधे होतो. गाव म्हणजे चिपळूणच्या आसपासचंच वाटावं असं, माड, लाल माती, कोंबड्या, आणि निम्मी तरणी पोरं मलेशियात पामच्या मळ्यावर. आमचं कोकण जसं मुंबईच्या मनीऑर्डरवर चाललं तसं हे मलेशियाच्या पैशावर. कुणाच्या घराला टाईल्स लागल्या की समजायचं, कुणीतरी तिकडे आहे.

पहिल्याच दिवशी वाडीच्या तोंडाशी बोर्ड दिसला, पाहुण्याने 24 तासांत कळवलंच पाहिजे. पासपोर्ट घेऊन पाक कादुसकडे गेलो. कादुस म्हणजे वाडीचा प्रमुख आणि पाक म्हणजे आपलं दादा-काका. त्याने पासपोर्ट बघितला न बघितला, लग्न झालंय का, आईवडील आहेत का, रात्री किती वाजता झोपतोस असलं सगळं विचारलं आणि कॉफी पाजली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीला माहीत, इंडियावाला बीफ खात नाही. मला तेव्हा वैताग आला होता खरं सांगायचं तर, म्हणजे मी काय चोर आहे का. नंतर कळलं की तिथली सिक्युरिटी सिस्टीम म्हणतात ती हीच. कॅमेरा नाही, वॉचमन नाही, पोलीस चौकी बरीच लांब, पण कुणाचं पोर कुणाच्या गाडीवर बसून कुठे गेलं हे सगळ्यांना ठाऊक.

आणि म्हणून तिकडे सगळं आलबेल, कुणी दाराला कडीच लावत नाही असं जे ट्रॅव्हलवाले लिहितात ना, ते साफ खोटं आहे. माझ्या घरमालकिणीची, आम्ही तिला इनाक म्हणायचो, इनाक म्हणजे तिथल्या ससाक भाषेत आई, तर तिची स्कूटर रोज रात्री बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी उभी असायची. जेवायला बसलं की पेट्रोलचा वास. वाडीभर तेच, गाडी घरात, माणसं बाहेर. गुरांचं तर विचारूच नका. गुरं चोरीला जायची म्हणून वाडीतल्या सगळ्यांची गुरं रात्री एकाच मोठ्या गोठ्यात बांधतात, कान्दांग कुंपुल म्हणतात त्याला. तांबूस रंगाच्या बाली जातीच्या गाई, पायात पांढरे मोजे घातल्यासारख्या, तीस-चाळीस एका रांगेत, आणि पुरुषांनी पाळीपाळीने रात्रभर तिथे जागायचं. जागायचं म्हणजे जागा, तिकडे शब्दच जागा आहे, राखण करणे या अर्थी, आपल्या जागल्याच्या घराण्यातला. गस्तीला रोंदा म्हणतात, आपण रोंद म्हणायचो तसंच. एखादी पाळी चुकवली तर दंड, आणि दंडापेक्षा वाईट म्हणजे पुढचे आठ दिवस टोमणे.

मलाही एक शनिवार लागला होता. सारोंग गुंडाळून चौघंजण, गाळ बसलेली काळी कॉफी, पत्ते, लवंगेच्या सिगारेटी, आणि खांबाला टांगलेला बांबूचा टोल, केंतोंगान. सावकाश ठोके पडले की ठीक, न थांबता धडाधड वाजला की गाव बाहेर. रात्री दोनला एक गाय उगाचच हंबरली तर चौघं उठून टॉर्च घेऊन अख्ख्या गोठ्याला फेरी मारून आले, मी मात्र पत्ते धरून बसलेलो. सकाळी सगळ्यांना कळलेलं.

याची दुसरी बाजू पण ऐका. मालिंग, म्हणजे चोर, अशी एक आरोळी उठली की ज्याच्याकडे बोट जाईल त्याची हाडं शिल्लक राहतीलच असं नाही, पोलीस येईपर्यंत निकाल लागलेला असतो. पाक कादुस स्वतः सांगायचा की माझं निम्मं काम चोर पकडण्याचं नाही, चोराला लोकांपासून वाचवण्याचं आहे. गंमत म्हणजे एक चोरी मात्र रीतीला धरून. लग्नात मुलगी रात्री घरातून 'चोरून' न्यायची, तिच्या संमतीने, आणि मग माणसं पाठवून तिच्या घरी कळवायचं. मेरारिक म्हणतात. गाय नेली तर मार, मुलगी नेली तर वरात.

आता जमिनीकडे येतो, कारण तुम्हाला तेच ऐकायचंय.

आर हे माप आपल्या सातबाऱ्यावर असतं तेच, 100 चौरस मीटर, गुंठ्याच्या जवळपास. इथपर्यंत बरं वाटतं. पुढचा शब्द हाक मिलिक, हक्क आणि मालक आपल्याकडे जिथून आले तिथूनच तोही गेलाय, पूर्ण मालकी. आणि ती फक्त त्यांच्या नागरिकाला, 1960 चा त्यांचा मूळ जमीन कायदाच तसा आहे. परदेशी माणसाला वापराचा हक्क मिळू शकतो, भाडेपट्टा मिळू शकतो, मालकी नाही. मग एजंट काय करतो, एखाद्या ड्रायव्हरच्या, कुकच्या नावावर जमीन घ्यायची आणि बाजूला एक खासगी कागद करायचा की खरा मालक हा साहेब. तो कागद कोर्टात कवडीमोल आहे. कायद्यात असा व्यवहार रद्द आणि जमीन सरकारजमा असं लिहिलेलं आहे, आणि दिलेले पैसे परत मागायची पण सोय नाही. त्यात समुद्राला लागून म्हणता, तर भरतीरेषेपासून किमान 100 मीटरच्या पट्ट्यावर किनाऱ्याचे नियम आहेत ते वेगळेच.

पण मला खरा राग तुमच्या चार आरचा नाहीये. इनाकच्या घरात बिस्किटांचा एक लाल पत्र्याचा डबा होता, खोंग गुआनचा. इंडोनेशियात तो घरोघर असतो आणि उघडला की बिस्किटं कधीच नसतात, तांदळाचे पापड असतात. इनाकच्या डब्यात जमिनीचे कागद होते. 5 ऑगस्ट 2018 ला संध्याकाळी, नमाजाच्या सुमारास, घर पडलं, तिने दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून आधी हा डबा काढला. मोठ्या कौतुकाने मला दाखवला. आत काय, तर सासऱ्याच्या नावचा जुना शेतसाऱ्याचा उतारा आणि कर भरल्याच्या पावत्या. सर्टिफिकेट नाहीच. सातबारा म्हणजे मालकीचा पक्का पुरावा नव्हे असं आपले वकील सांगतात ना, तसंच. कर भरलात, छान, मालक कोण ते वेगळं. आणि कुणी दुसऱ्याने रीतसर सर्टिफिकेट काढलं आणि 5 वर्षं कुणी हरकत घेतली नाही, तर मग ते उलटवणं महाकठीण. मलेशियात मळ्यावर राबणाऱ्या माणसाला 5 वर्षांत घरी काय चाललंय ते कळणार आहे का? सरकारने 2017 पासून वाडीवाडीत मोजणी करून सर्टिफिकेटं वाटायचा मोठा कार्यक्रम काढलाय, तो चांगलाच आहे, पण इनाकचं प्रकरण अडलं होतं ते दिरांच्या सह्यांवर. वाटणीही कशी, मुलगा खांद्यावर कावडीने दोन टोपल्या नेतो, मुलगी डोक्यावर एक. म्हणजे दोनास एक. हे सांगताना ती हसत होती, मला नाही हसू आलं.

ज्या माणसाची गाय गावाने रात्रभर जागून सांभाळली त्याची जमीन दिवसाढवळ्या एका सहीने जाते आणि कुणी टोल बडवत नाही. चोर बाहेरचा असतो तेव्हा गावाला कळतं. कागद आतलाच कुणीतरी करून देतो. दक्षिणेला मांदालिकात जे मोटोजीपीचं, म्हणजे बाईकच्या शर्यतींचं, सर्किट झालं त्याच्या जागेवरून गावकऱ्यांची भांडणं इतकी गाजली की 2021 मधे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी निवेदन काढलं होतं.

आणि भूकंप राहिलाच की. त्या तीन-चार आठवड्यांत एकामागून एक मोठे धक्के बसले, 500 च्या वर माणसं गेली. पडली ती घरं बहुतेक मलेशियाच्या पैशाची, विटांची, टाईल्सवाली, कॉलममधे सळया नावापुरत्या. किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंतींनी केलं तेच इथे विटांनी. आणि उभं काय राहिलं, तर अंगणातला बेरुगाक, म्हणजे बसाझोपायचा उघडा माच, सहा लाकडी खांब, खाली दगड, वर गवताचं छप्पर, सांधे खुंट्यांचे. हलतो, करकरतो, पडत नाही. लोक महिनोन्‌महिने त्यावर आणि तंबूत झोपले. पार पडलेल्या घराला सरकारी मदत होती 5 कोटी रुपिया, आकडा ऐकून दचकू नका, आपले अडीच लाखांच्या आसपास. त्यात आम्ही नटबोल्टने जोडायची काँक्रीटच्या तुकड्यांची घरं उभी करायचो. बोल्टची अख्खी पोती रस्त्याकडेला उघडी पडलेली असायची, एक बोल्ट गेला नाही. इनाकचं घर झालं, 36 चौरस मीटर, चावी दिली, ती आत गेली, स्कूटर आत घेतली, आणि झोपायला परत बेरुगाकवर.

त्यामुळे माझं उत्तर, घेऊ नका. गाव सेफ आहे, तुमची जमीन नाही.

तिघांपैकी दोघे हे वाचून गप्प बसतील. तिसऱ्याने कालच विचारलं, मग त्या वाडीत नुसतं भाड्याने सहा महिने राहायला मिळेल का? मी पाक कादुसला व्हॉइस नोट टाकली. त्याचं उत्तर आलं, खोली आहे, भाड्याचं बघू, पण मित्राला गाय हंबरली की उठता येतं का, का तोही तुझ्यासारखाच?