पाऊस मोजलात, कातळ कोण मोजणार?

शिमगा झाला आणि विहिरींनी तळ गाठला की तो मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास येतो. यंदा तर आमच्या भावकीच्या ग्रुपवरच आला. 'कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात टँकर लागतो. निम्मा पाऊस घाटावर द्या, सोनं पिकवून दाखवू. कोकण्याला हापूसचा पैसा घरबसल्या, वर मुंबईची मनीऑर्डर. आळशी होणार नाही तर काय?'

पावसाचा आकडा खरा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सरासरी तीन हजारांच्या वर पडतो, आंबोलीत त्याच्या दुपटीहून जास्त. पण तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो, आणि पडतो कशावर, तर जांभ्यावर. एकदा चिऱ्याच्या खाणीत उतरून बघा. दगड नुसता भोकाभोकांचा. पाणी मुरतं, नाही असं नाही. मात्र खाली चिकणमातीचा थर लागला की ते उताराला लागतं आणि सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतं. गणपतीत आमच्या घरामागचा व्हाळ असा गाजत असतो की पडवीत बसून बोललेलं ऐकू येत नाही. होळीला त्याच व्हाळात पोरं क्रिकेट खेळतात. गोदावरी-कृष्णेला समुद्र गाठेपर्यंत अख्खं दख्खन पडलंय. आमच्या नद्यांना घाट उतरला की पन्नासेक किलोमीटरवर दर्या, त्यातही खालचा टप्पा खाडीचा, खारा.

'मग अडवा की!' अडवतो. दिवाळीच्या सुमारास गोणींत माती भरून वनराई बंधारे घालतो, त्यावर भाजीपाला निघतो. मे महिना त्यावर निघत नाही. मोठं धरण म्हणाल तर तिलारीचं आहे दोडामार्गात, त्याच्या पाण्यात मोठा वाटा गोव्याचा. आणि गंमत बघा, घाटावरच्या कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीत उतरतं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. आमचं जातंच, तुमचंही आमच्याच वाटेने जातं.

घरबसल्या हापूस? हे लिहिणाऱ्याने एक जानेवारी बागेत काढावी. पाऊस लांबला की मोहर लांबतो. थंडी पडली, मोहर आला, की तुडतुडे आणि थ्रिप्स. मग फवारण्या, औषध आणि मजूर दोन्ही उधारीवर. एवढं करून कैरी सुपारीएवढी होते, आणि पुन्हा थंडीची लाट आली की त्याच फांदीला नवा मोहर फुटतो. झाड धरलेली फळं टाकून देतं. सकाळी जावं तर पाचोळ्यावर बारक्या कैऱ्या पसरलेल्या. वर्षाची मिळकत केरसुणीने लोटावी लागते. त्यातून वाचलेला आंबा झेल्याने उतरवून, आढीत घालून, पेटी वाशीच्या घाऊक बाजाराला पाठवायची. दर तिकडे ठरतो. मोठे बागायतदार कमावतात, हे मान्य. पाच-पंचवीस कलमांवर घर चालत नाही.

मनीऑर्डरीला मी लाजत नाही. खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, कायद्याने गेली 1950च्या सुमारास. तोवर कुळाच्या हाती डोंगरउतारावरची वरकस जमीन, नाचणी-वरीपुरती. माणसं गिरणीत गेली, पाळ्या केल्या, त्याचा पगार पोस्टाने गावी आला. याला ऐतखाऊपणा म्हणायचं? 2011च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या आणि 2001मधली 16.97 लाख लोकसंख्या 16.15 लाखांवर आली होती. मागे राहिलेल्या बायकांनी लावणी-कापणी केली, गुरं सांभाळली, डोक्यावर हंडे आणले. आळशी त्यांना म्हणताय का, तेवढं सांगा.

एक गोष्ट मात्र त्या मजकुरात नाही आणि असायला हवी होती. जमिनी पडीक आहेत, आमचीही आहे. एक कारण वानर आणि रानडुकरं: भात पोटरीला आलं की रात्रीत वाफा आडवा. दुसरं कारण सातबारा. आमच्या सव्वा एकराच्या तुकड्यावर सत्तावीस नावं आहेत, त्यातली सहा माणसं देवाघरी गेलेली, बाकीची विरारपासून बडोद्यापर्यंत. काजू लावायचा तर अनुदानाच्या अर्जाला सगळ्यांची संमती लागते. दोन वर्षं तो कागद फिरतोय.

ग्रुपवर मजकूर टाकणारा आमचा पुतण्या ठाण्याला असतो. सत्ताविसावं नाव त्याचंच. मे महिन्यात येतो म्हणालाय, सही करायला.