गॅस न पेटवता घामाघूम

गॅस पेटवायचा नाही, फोडणी नाही, झाकण ठेवून वाफ नाही. टोमॅटो चिरायचे, मिक्सरमधून फिरवायचे आणि गार करून प्यायचे. एवढ्या वर्णनावर भुलून मी गेल्या जुलैत गास्पाचो करायला घेतला. तो प्यायच्या लायकीचा झाला चौथ्या दिवशी. तेवढ्यात आईच्या पुरणपोळ्या होऊन, चार घरी पोचून, वर 'यंदा जायफळ जरा जास्त पडलं' हेही ऐकून झालं असतं.

बायकोच्या नोकरीमुळे आम्ही स्पेनमध्ये, सेव्हिलला राहतो. इथला उन्हाळा आपल्या अकोला-चंद्रपूरच्या तोंडात मारेल असा. शेजारच्या कोर्दोबा प्रांतात ला राम्ब्ला नावाच्या गावी 14 ऑगस्ट 2021 रोजी 47.6 अंश नोंदले गेले, तो देशाचा उच्चांक. 2022 मध्ये तर सेव्हिलने उष्णतेच्या लाटेचं रीतसर बारसंच केलं. नाव ठेवलं सोए. घुगऱ्या तेवढ्या वाटल्या नाहीत. जुलैत सूर्य मावळतो पावणेदहाला, तोवर खिडक्यांच्या झडपा खाली ओढून माणसं अंधारात बसलेली असतात. अशा अंधारात मी एक दिवस वरच्या मजल्यावरच्या आजींना म्हणालो, ''आम्ही सुपरमार्केटमधला खोक्यातला गास्पाचो पितो. बरा असतो.''

आजींनी छातीवर क्रूस काढला. ''तो गास्पाचो नव्हे, मि आर्मा. ते टोमॅटोचं पाणी!''

'मि आर्मा' म्हणजे 'माझ्या जिवा'. खरा शब्द 'आल्मा', पण सेव्हिलकर 'ल'चा 'र' करतात आणि 'आर्मा'चा अर्थ होतो शस्त्र. आजींच्या तोंडी दोन्ही अर्थ शोभतात. त्यांनी तिथल्या तिथे पाकृ सांगितली: 1 किलो पिकलेले टोमॅटो, एक लांबट हिरवी मिरची (आपली तिखट नव्हे, ढोबळीची सडपातळ बहीण), अर्धी काकडी, लसणाची एकच पाकळी, मूठभर शिळा पाव, अर्धी वाटी ऑलिव्ह तेल, खेरेसचं व्हिनेगर, मीठ. कांदा? विचारताच त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी टिपून घेतलेला प्रश्नसुद्धा खोडला.

पहिला अपमान भाजीवाल्याकडे. इथे रांग दिसत नाही, पण असते. आत शिरताना 'शेवटचं कोण?' असं मोठ्याने विचारायचं, जो हात वर करेल त्याच्यानंतर आपण. आयुष्यभर 'पुढे कसं घुसू' एवढाच विचार केलेल्या माणसाला हे जड जातं. तेही जमलं. मग सवयीने मी एक टोमॅटो उचलून अंगठ्याने दाबला. दुकानात शांतता पसरली. इथे मालाला हात लावायचा नसतो. काय करणार ते सांगायचं आणि दुकानदार निवडून देतो. सॅलडचे टोमॅटो वेगळे, गास्पाचोचे वेगळे. मी दाबलेला टोमॅटो त्याने न बोलता वजनात धरला.

दुसरा अपमान मिक्सरने केला. मिक्सर पुण्याहून आणलेला, 750 वॅटचा, खोबऱ्याच्या वाट्याही पीठ करणारा. लाल, गुळगुळीत रस तयार झाला, चार तास गार केला आणि ग्लासभर वर नेला. आजींनी घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घोट घेतला.

''दालचिनी,'' त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, ''आणि लवंग. मुला, हे नाताळचं काय आहे?''

भांडं मी तीनदा घासलं होतं. पण त्यात सहा वर्षं गोडा मसाला दळला गेला होता, आणि गोडा मसाला प्लॅस्टिकच्या झाकणाला धरतो तो जन्मोजन्मीचा. त्या रात्री तो 1 लिटर गास्पाचो मी कढवून, गूळ-जिरं घालून आमटीत ढकलला. आमटी उत्तम झाली, हे आजींना अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या खेपेला नवं भांडं घेतलं, पण लसूण मराठी हाताने पडला. एका पाकळीत काय होतंय म्हणून पाच घातल्या. कच्च्या लसणाबद्दल इथले लोक म्हणतात की तो 'पुनरावृत्ती करतो'. संध्याकाळच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये त्याने चार वेळा पुनरावृत्ती केली. समोरच्यांपर्यंत वास पोचत नव्हता, पण माझा चेहरा पोचत होता. आजींनी नंतर पाकळी उभी चिरून आतला हिरवा कोंब काढायला शिकवलं. सगळा गोंधळ तोच घालतो म्हणे.

तिसऱ्या खेपेला त्या स्वतः स्वयंपाकघरात येऊन बसल्या, पंखा हलवत. पाव भिजवताना सांगू लागल्या, की टोमॅटो हा मुळी नंतर आलेला पाहुणा. कोलंबस 1492 मध्ये निघाला, त्यानंतर अमेरिकेतून टोमॅटो आणि मिरच्या इकडे आल्या. त्याआधीचा गास्पाचो म्हणजे शिळा पाव, लसूण, तेल, व्हिनेगर, मीठ आणि पाणी. मालागाकडे बदाम वाटून पांढरा करतात, वर द्राक्षं टाकतात, तो आहोब्लांको. आजींचे वडील शेतावर लाकडी वाडग्यात पाव कुटून असंच काहीतरी खायचे. मला एकदम ताकात कुस्करलेली शिळी भाकरी आठवली. तसं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, ''ताकात तेल किती घालता?'' मी विषय बदलला.

मग तेल. इथे मी पहिल्यांदा गप्प राहून पाहिलं. मिक्सर चालू ठेवून झाकणाच्या भोकातून तेलाची दोऱ्याएवढी धार सोडायची. आधी काहीच होत नाही. मग भडक लाल रंग कडेकडेने फिकट व्हायला लागतो, केशरी होतो, आणि आवाज बदलतो: खळखळ जाऊन जाड, भरल्या गळ्याचा घर्रर्र. पातळ रसाची मऊ साय होते. आजींनी पंखा मिटून माझ्या मनगटावर टोकलं. म्हणजे पुरे. मग गाळणी घेतली आणि सालं नि बिया राहीपर्यंत मी चमच्याच्या पाठीने घोटत बसलो. 43 अंशांत, घामाने ओला, एक गार पदार्थ करत.

चौथ्या दिवशी तो फ्रीजमधून निघाला. बायकोने ग्लास रिकामा केला आणि म्हणाली, ''मस्त. वर थोडी जिऱ्याची फोडणी...'' मी फक्त पाहिलं. ती थांबली. आजींनी दोन ग्लास घेतले, 'काकडी कणभर जास्त' एवढंच म्हणाल्या आणि उरलेला डब्यात भरून वर घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा आणायला गेलो. आजी सोफ्यावर, पाय बादलीत. ''फ्रीजमध्ये आहे बघ, तूच घे,'' म्हणाल्या.

फ्रीज उघडला. माझा डबा पुढे होता, निम्माच संपलेला. त्याच्यामागे सुपरमार्केटच्या गास्पाचोची चार खोकी ओळीने उभी होती, एक फोडलेलं.

मी वळून पाहिलं. आजींनी पंखा जरा जोरात हलवला.

''आज 44 आहे, मि आर्मा,'' त्या म्हणाल्या. ''दार लाव, गार हवा जातेय.''